पाझरवाडीत गाडी कुठे वळते

आमच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी असतो. बाहेरच्या वाचकाला हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. भोसरीपासून चाकणपर्यंत बहुतेक कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. विजेची ओढाताण होती तेव्हा भागाभागांना सुट्टीचे वार वाटून दिले होते. आमच्या वाट्याला गुरुवार आला आणि तोच अंगवळणी पडला. गुरुवारी इथे सलूनसमोर रांग लागते, लग्नाचे बस्ते बांधले जातात, आणि कामगारांची ने-आण करणाऱ्या बसगाड्या यार्डात ओळीने उभ्या राहून ऊन खातात; सुट्टी संपते ती त्या रात्रीच्या पाळीला, तेव्हा त्या पुन्हा हलतात.

या गाड्यांचं वेळापत्रक माझ्याकडे आहे. कुठली गाडी कुठल्या गेटला, कुठला ड्रायव्हर रजेवर, कुठल्या गाडीचा टायर बदलायचा, हे सगळं माझ्या टेबलावरून हलतं. निगडीहून रोज चाकणला येते. पर्यटन हा माझा विषय नाही. सहल म्हटली की मला आधी पाण्याचे जार आणि परतीची वेळ दिसते. तरी मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मी चाळीसेक माणसं आणि आमचे मालक यांना घेऊन पाझरवाडीला जाऊन आले. तिकडे जायची कुणाची इच्छा असेल तर उपयोगी पडेल, म्हणून लिहिते आहे.

पाझरवाडी खेड तालुक्याच्या पश्चिमेला, धरणाच्या पाण्याच्या पलीकडे, भीमाशंकरच्या डोंगराला पाठ टेकून बसलेली आहे. पूर्वी तिथे एसटी मुक्कामाला यायची. एका पावसाळ्यात दरड आली आणि गाडी वळायची ती मोकळी जागा ओढ्यात गेली. त्यानंतर एसटी खालच्या फाट्यावरूनच परत फिरू लागली आणि हळूहळू तीही बंद झाली. भाताचं काम उरकलं की गावातले पुरुष चाकणला कंत्राटावर येतात, एका खोलीत सात-आठजण राहतात. हायस्कूलची मुलं फाट्यापर्यंत चालत जातात. बाजारात न्यायला काही असलं तरी नेणार कशातून?

मंदा केंगले तिथलीच. चाकणला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ती कामाला होती. कंत्राटदार बदलला, तिचं काम गेलं, ती गावी परतली. पावसाळ्यात एकदा ती सरळ माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, तुमच्या गाड्या गुरुवारी झोपलेल्या असतात. एक आमच्याकडं धाडा ना. माणसं फिरतील, डोंगर बघतील. आम्ही पाच घरं मिळून जेवू घालतो."

मी तिला तात्यांकडे नेलं. तात्या म्हणजे गाड्यांचे मालक, साठी ओलांडलेले, मोशीकडच्या जुन्या शेतकरी घरातले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "गाडी वळणार कुठं?"

"जागा करतो."

"मोठी गाडी हाय बाय. आधी जागा दाव, मंग बोल."

दिवाळीनंतर मंदा पुन्हा आली. जागा झाली होती. तिच्या सासऱ्यांनी, धोंडूबाबांनी, रस्त्याला लागून असलेलं भाताचं खाचर दिलं होतं. गावाने त्यात मुरूम भरून ते सपाट केलं होतं. खाचर म्हणजे डोंगरउतारावर बांध घालून केलेला भाताचा लहानसा तुकडा. त्या घराची अशी दोनच खाचरं, एक वरच्या अंगाला आणि हे त्यातलं मोठं.

तात्या म्हणाले, "एक फेरी करून बघू. गाडीला खरचटता कामा नये. रात्रपाळीच्या आधी यार्डात पायजे. जमलं तर दर गुरुवारी धाडतो. न्हाई जमलं तर नाव काढायचं न्हाई."

मंदा "चालेल" म्हणाली. चालण्यासारखं त्यात काय होतं कोण जाणे. फेरी फसली असती तर आमचं फक्त डिझेल गेलं असतं.

चाकण ते फाटा

गाडीत कामगारांची कुटुंबं होती. बहुतेक मराठवाड्यातली, म्हाळुंगे-कुरुळीत भाड्याने राहणारी. बायकांनी सकाळीच न्हाऊन केस मोकळे सोडले होते, कपाळावर हळदीकुंकू ठसठशीत. सहलीचा उत्साह दिसतो आहे, असं मी समजले. तात्या सगळ्यात पुढच्या सीटवर बसले. ते स्वतः येतील असं मला वाटलं नव्हतं.

राजगुरुनगर मागे पडलं की रस्ता मोकळा होतो आणि चासच्या पुढे धरणाचं पाणी उजवीकडे-डावीकडे डोकावू लागतं. डिसेंबरात ते काठोकाठ असतं. रोज कंटेनरच्या मागे मागे गाडी हाकणाऱ्या माणसाला इतकं मोकळं पाणी बघून गप्प व्हायला होतं. आमचे ड्रायव्हर रफिकभाई मात्र वाडा गावाच्या पुढे वेगळ्याच कारणाने गप्प झाले. रस्ता एका गाडीपुरता उरला होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठडा नसलेला उतार. कारवीच्या वाळक्या काटक्या खिडकीच्या काचांवर खरखर घासत होत्या.

फाट्यानंतरच्या एका वळणावर गाडी एका दमात बसेना. रफिकभाईंनी दोनदा मागे घेतली. मागचं चाक कडेच्या दगडावर आलं, दगड खाली गेला आणि बराच वेळ घरंगळत राहिला.  शैला जाधव नावाची एक बाई माझ्या मागे बसली होती, लातूरकडची, बोलकी. ती डोळे मिटून म्हणाली, "मॅडम, उतरून चालत येऊ का आम्ही? गाडी येऊ द्या मागनं."

"बसा ताई, झालंच."

तात्या काचेतून खाली बघत म्हणाले, "रफिक, परत येताना हितं काय करणार?"

"येताना उतार असतो तात्या."

"त्येच म्हणतोय मी."



पाझरवाडी

सगळं गाव रस्त्यावर उभं होतं. लेझीम नव्हतं, हार नव्हते. नुसते उभे होते, आणि आमच्याकडे नव्हे, गाडीच्या चाकांकडे बघत होते. नवी जागा उजव्या हाताला होती. तांबूस मुरमाचा चौकोन, कडेने दगडांची ओळ, कुणीतरी चुन्याने बाणही काढलेला. मंदा पुढे झाली. नवी साडी, केसांत शेवंतीची वेणी, चेहरा उतरलेला.

रफिकभाई खाली उतरले, मुरमावर टाच आपटून बघितली आणि परत येऊन मला हळूच म्हणाले, "रिकामी झाल्यावर वळवतो मॅडम. आत्ता नको." गाडी रस्त्यावरच डोंगराकडे तोंड करून उभी राहिली. गावकऱ्यांचे चेहरे पडलेले मला दिसले. धोंडूबाबा बांधावर काठी टेकून बसले होते. पांढरं धोतर, डोक्याला टॉवेल. त्यांनी गाडीकडे बघितलं, चौकोनाकडे बघितलं, आणि नजर दुसरीकडे वळवली.

आधी कड्यावर जाऊन आलो. दाट झाडीतून अर्ध्या तासाची वाट, थोडी चढणीची. चप्पल नको, बूट घाला. टोकाला पोचलं की जमीन संपते. खाली कोकण, निळसर धुक्यात बुडालेलं, आणि वाऱ्याचा झोत असा की बोललेलं ऐकू येत नाही. लेकरांना हाताला धरून बायका कड्यापासून चार हात मागेच उभ्या राहिल्या, पण पाऊण तास कुणी परत फिरायचं नाव घेईना. शैला म्हणाली, "आमच्याकडं सपाट. हिकडं कंपनीची भिंत. एवढं मोठं काही बघितलंच नव्हतं बघा." रोज बारा तास पत्र्याच्या शेडमध्ये काढणारे तिघे पुरुष टोकाजवळ पालथे पडून खाली बघत होते. ही जागा माणसांना ओढणार, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. मग जेवायला बसलो आणि घोटाळा झाला.

मंदाच्या पडवीत पंगत मांडली होती. गावठी कोंबडीचा रस्सा, तांदळाची भाकरी, इंद्रायणीचा भात. वासानेच भूक खवळावी. पहिली वाढपी वाटी घेऊन वाकली आणि शैलाने ताटावर हात धरला.

"मला नको."

शेजारचीनेही हात धरला. मग तिच्या शेजारची. ओळीने सगळ्या बायकांचे हात ताटांवर.

"काय झालं?" मी विचारलं.

"मॅडम, आज मार्गशीर्षातला गुरुवार. उपवास नाही का!"

आमच्या घरी हे उपवास नाहीत. आमचे सण वेगळे, आमची गर्दी बुद्धपौर्णिमेला आणि चौदा एप्रिलला. मार्गशीर्षात बाजारात पाच झाडांच्या डहाळ्यांच्या जुड्या विकायला येतात, त्या मी दरवर्षी बघते; पण आपण ठरवलेली तारीख त्यात येते हे डोक्यात शिरलं नव्हतं. जेवणाचं मी विचारलं होतं, नाही असं नाही. पण विचारलं होतं कंपनीच्या गेटवर, नवऱ्यांना. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं होतं, "नॉनव्हेज. गावठी असेल तर बघा."

"यांनी सांगितलं आणि तुम्ही मानलं?" शैला म्हणाली. "यांना आज कुठला महिना चालू हाय ते विचारा बरं."

शैलाचा नवरा ताटाकडे बघत बसला होता. "मी खातो की. माझा कुठं उपवास हाय?"

"खा की. पोटभर खा. मग घरी यायचं बघा."

त्याने हात मागे घेतला. मग ओळीने बाकीच्या पुरुषांनीही घेतला. मी तात्यांकडे बघितलं. तात्या दारात उभे होते. ते म्हणाले, "माझा बी बेस्तरवार असतो. कोंबडी न्हाई चालत." बेस्तरवार म्हणजे गुरुवार, जुन्या गाववाल्यांच्या तोंडी अजून हाच शब्द आहे.

चाळीस माणसांसाठी पाच घरांनी आपल्या कोंबड्या कापल्या होत्या. ताटावर बसलो ते मी, रफिकभाई आणि चार-पाच मुलं. मंदा वाटी हातात धरून तशीच उभी होती. मी जेवले. रस्सा फार चांगला होता आणि पातेली भरलेलीच राहिली होती. दर गुरुवारी आणायची होती ती हीच माणसं, आणि गुरुवारी त्यांना जे चालत नाही तेच या गावाने पहिल्या ताटात वाढलं होतं.  तात्या घड्याळ बघायचे आणि पुन्हा रस्त्याकडे बघायचे. मी म्हटलं, वाड्याला थांबून केळी घेऊ. म्हणजे आत्ताच निघू. मंदाने ते ऐकलं आणि ती आत गेली.

उखळ

शैला पाणी प्यायला तिच्या मागोमाग आत गेली आणि तिथून तिने मला हाक मारली. मागच्या खोलीत अर्धवट लोटलेल्या दाराआड मंदाची सासू भिंतीकडे तोंड करून जेवत होती. आम्हाला बघताच तिने पदर ताटावर ओढला.

"आत्या, काय खाताय?" शैला.

"काय न्हाई ग. आमचं आपलं."

"दाखवा तरी."

पदराखाली पांढऱ्या बारीक कण्यांचा भात होता. शैलाने बोटाने दोन शितं उचलली. "ही तर भगर! मॅडम, ह्यांच्या घरात भगर हाय!"

"वरी हाय ती," म्हातारी म्हणाली. "डोंगरावं पिकती. तांदूळ पाव्हण्यांना ठिवला, म्हून आमी वरी."

भगर म्हणा, वरई म्हणा, आम्ही शहरात ती उपवासाला पाकिटातून आणतो. इथे उतारावर, जिथे दुसरं काही उगवत नाही, तिथे ती पेरतात आणि वर्षभर खातात.

"मग आम्हाला तीच करा ना."

म्हातारी ताडकन उठली. "पाव्हण्याला वरी? गाडी करून आलेल्या मान्सांना? गाव थुकंल माझ्या तोंडावर!"

"आत्या, उपवासाला हीच लागते. आम्ही पैसे देऊन आणतो."

"इकत?"

"इकत."

म्हातारीने मंदाकडे बघितलं. मंदा म्हणाली, "कॅन्टीनला असायची. एकादशीला." मग एकदम कपाळाला हात लावून म्हणाली, "माझ्या ध्यानातच न्हाई आलं. घरातली, म्हून न्हाई आलं."

पण कांडलेली वरई होती जेमतेम दोन घरांच्या जेवणाइतकी. बाकीची कणगीत, टरफलासकट. शिवाय उपवासाला रश्श्याची भांडी चालणार नव्हती. मी हिशेब केला: कांडायचं, पाखडायचं, भांडी राखेने घासायची, शिजवायचं. निघायची वेळ टळणार होती. बायकांना दिवेलागणीला घरी पूजा, गाडीला त्यानंतर रात्रपाळी.

मी तात्यांना विचारायला गेले. ते म्हणाले, "मॅडम, तुमी ठरवा. उशीर झाला तर जबाबदारी कुणाची त्ये बी ठरवा."

"माझी," मी म्हटलं.

तीन घरांच्या अंगणांतून उखळांचे आवाज सुरू झाले. थोड्याच वेळात शैलाने पदर खोचला आणि मुसळ हातात घेतलं. "माहेरी ज्वारी कांडत होतो, सरका." मग सगळ्याच बायका सरसावल्या. दोघी समोरासमोर उभ्या राहून एकाच उखळात आळीपाळीने घाव घालत होत्या. एक चुकली की सगळ्याजणी हसत होत्या. मी हसत नव्हते. मी घराच्या सावलीकडे बघत होते, ती अंगण ओलांडून बांधाला लागली होती.

जेवण झालं. जिऱ्या-मिरचीची वरई, दाण्याची आमटी, सायीचं दही. पाकिटातली वरई आणि ही, दोन्हींत किती फरक आहे ते लिहून कळणार नाही. हिला ताज्या धान्याचा वास असतो. तात्यांनी दोनदा घेतली. निघताना गावात कांडलेली म्हणून जेवढी वरई उरली होती तेवढी बायकांनी पिशव्यांत भरून घेतली आणि पुढच्या गुरुवारच्या मागण्याही मंदाकडे लावून ठेवल्या. मंदाची सासू दारात उभी राहून ते बघत होती, आणि आपली कुणीतरी थट्टा करतंय अशी शंका तिच्या चेहऱ्यावरून जात नव्हती.

खाचर

रिकामी गाडी वळवायला रफिकभाई बसले. तोंड मुरमावर घातलं, पुढची चाकं पार झाली. मागचं चाक चौकोनाच्या मध्यावर आलं आणि गाडी एका बाजूला कलली. त्यांनी जोर दिला. चाक जागच्या जागी फिरलं आणि मुरमाखालून काळा चिखल उडाला.



मग फावडी, पहारी, सपाट दगड. पुरुष खाली बसून चाकापुढचा चिखल हाताने उपसत होते. जॅक लावला तर जॅकच खाली जाऊ लागला. गाडी खालच्या बांधाकडे कलंडली होती आणि तिथून आणखी दोन हात सरकली असती तर ओढ्यात गेली असती. रफिकभाईंच्या कपाळावरून डिसेंबरात घाम गळत होता. सूर्य डोंगराला टेकला. मी मोबाईल हात वर करून धरला. या दरीत रेंज नाही, हे मला माहीत होतं, तरी धरला.

तात्या चाकाजवळ वाकले, चिखल चिमटीत घेतला आणि सरळ धोंडूबाबांपुढे जाऊन उभे राहिले.

"बाबा, ही खाचराची माती हाय. खालची माती काढलीच न्हाई तुमी? तशाच वर मुरूम टाकला?"

"व्हय."

"का?"

धोंडूबाबा काठीच्या टोकाने जमीन टोकरत राहिले. "काढली असती, आन् गाडी नसती आली तर?"

"म्हंजे?"

"मुरूम खरवडून काढता येतो. माती गेली तर परत येत न्हाई."

"म्हंजे आमच्यावं इस्वास न्हवता."

"यष्टीबी येनार व्हती," धोंडूबाबा म्हणाले. "सायेब येऊन फोटू काढून गेलं. चार वर्सं झाली."

मंदा मध्ये पडली. "आबा, असं कशाला बोलता?"

"बोलू दे त्यांना," तात्या म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "माझी गाडी कलंडलीया, आता समदं बोलू द्या."

शेवटी गावाने भाताच्या पेंढ्याचे भारे चाकाखाली घातले, त्यावर दाराच्या फळ्या. होय, दोन घरांची दारं काढून आणली. सगळ्यांनी मागून रेटा दिला, बायकांनीसुद्धा, ज्यांच्या हातांना आधीच मुसळाचे फोड आले होते. एक फळी मोडल्याचा आवाज आला आणि गाडी रस्त्यावर आली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दिवस मावळला होता.

तात्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मागच्या पत्र्याला लांब ओरखडा पडला होता. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"मंदाबाय, मोठी गाडी न्हाई जमायची. तुमचं जेवान चांगलं हाय, जागा चांगली हाय. छोटी गाडी धाडीन कधीमधी, पंधरा-वीस मान्सांची. ती रस्त्यावंच वळती, तिला जागा नको."

मंदाने ओठ दाबून मान हलवली. कधीमधी येणारी पंधरा माणसं पाच घरांना पुरणार नव्हती, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. पण काहीच नसण्यापेक्षा ते बरं, असं ती स्वतःला समजावत असावी.

धोंडूबाबा उठून उभे राहिले.

"मंग माझं खाचर कशापायी भरलं?"

तात्या थांबले.

"तुमी म्हनला मोठी गाडी, वळाया जागा दावा. म्या दावली. छोट्या गाडीसाठी म्या खाचर दिल्यालं न्हाई."

"बाबा, गाडी ओढ्यात गेली असती."

"चूक माझी. माती काढाया पायजे व्हती, न्हाई काढली. पर भात पेरायचं सोडून बसलो न्हवं म्या." मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "तुमाला रान हाय का?"

तात्या म्हणाले, "व्हतं. जोंधळ्याचं. आता तितं गेट नंबर दोन हाय."

 तात्या वळून गाडीत चढले आणि आपल्या सीटवर बसले. मी मंदाचा हात हातात घेतला. तो थंड होता आणि कोपरापर्यंत चिखलाने माखलेला होता. "मॅडम, त्यांना सांगा ना," ती म्हणाली. काय सांगायचं ते तिलाही माहीत नव्हतं.

खाली

उतारावरचं ते अडचणीचं वळण हेडलाइटच्या उजेडात घेतलं. सगळे पुरुष उतरून पुढे चालत होते आणि कडेला हात दाखवत होते. पार झाल्यावर रफिकभाईंनी स्टिअरिंगवरून हात काढून मांडीला पुसले.

धरणाजवळ रेंज आली आणि सगळ्यांचे फोन एकदम वाजू लागले. शैला तिच्या मुलीला सांगत होती, "कलशात सुपारी टाक, पैसा टाक, डहाळ्या माठाजवळ ठेवल्यात... आगं मला उशीर हाय, तू बस पूजेला." मी यार्डाला फोन लावून आमच्या रात्रपाळीच्या गेटसाठी दुसऱ्या गाडीच्या दोन फेऱ्या लावल्या. दुसऱ्या फेरीची माणसं उशिरा पोचणार होती. त्यांच्या कंपनीतून तात्यांना फोन आला. गाडीतल्या सगळ्यांना पलीकडचा आवाज ऐकू येत होता.

"हा साहेब. व्हय साहेब. न्हाई, पुन्हा न्हाई होणार साहेब."

फोन ठेवून ते खिडकीबाहेर बघत बसले. मी पुढे जाऊन म्हटलं, "तात्या, जबाबदारी माझी होती."

"बसा मॅडम."

चाकणला गाडी रिकामी झाली. बायका भराभर उतरून पिशव्या सांभाळत पळाल्या. तरी शैला खिडकीपाशी थांबली. "तात्या, पुढच्या गुरुवारी हळदीकुंकू असतं, शेवटचा गुरुवार. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी चार बाया आणखी आणते."

"गाडी कुठाय?" तात्या म्हणाले.

"हीच की," ती म्हणाली आणि गेली.

यार्डात उतरल्यावर तात्या ओरखड्यापाशी पुन्हा थांबले. त्यांचा खडीचाही धंदा आहे. कोपऱ्यात हायवा, म्हणजे खडी वाहायचे मोठे टिपर, उभे होते. तिकडे बघत त्यांनी विचारलं, "शनवारी कंचा हायवा मोकळा हाय?"

"एक आहे."

"खडी भरून पाझरवाडीला लावा. त्या खाचरात. सकाळी लवकर निघायला सांगा, फाट्याच्या वळणावं समोरनं कुनी येत न्हाई तवा." दोन पावलं गेल्यावर ते म्हणाले, "आन् मंडळीस्नी आता कोंबडी शिजवू नका म्हनावं."

पाझरवाडीत फोन लागत नाही. त्यामुळे हे तिथे कुणी कळवलं नाही. शनिवारी सकाळी चढावर हायवाचा आवाज आला, तेव्हाच त्यांना कळलं असणार.

ड्रायव्हर परत आला तो पार संध्याकाळी. इतका उशीर का, म्हणून मी त्याला विचारलं.

"खाली करूच देईनात मॅडम. त्यो म्हातारा आडवा उभा ऱ्हायला. म्हणला, थांब. मुरूम बाजूला सारला आन् खालची माती खणायला घेतली. समदं गाव पाट्या घेऊन. ती माती डोक्यावं वाहून वरच्या खाचरात न्हेली, पार तळ लागंस्तवर. मंग त्यो सोता आत उतरला, काठी आपटून बघितली, बाहेर आला, आन् मला म्हणला, आता टाक."